रॉबिन हूडचं शेवटचं द्वंद्व आणि तुमच्या एकांकिकेतली तलवारबाजी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी एकांकिका बसवताय. शेवटी दोन मिनिटांचं तलवारीचं द्वंद्व आहे. दोन्ही मुलांनी आजवर तलवार हातात धरलेली नाही आणि हाताशी आठ आठवडे आहेत. दिग्दर्शकाने १९३८ सालचा ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ बघायला सांगितला, म्हणून तुम्ही त्यातलं शेवटचं द्वंद्व दहा वेळा पाहिलंत. तलवारी अंगावर जातच नाहीत, तलवारीवर तलवार आपटते, हे तुम्ही बरोबर पकडलंत. तरी नजर हटत नाही. तेच तुम्ही तालमीत जोर लावून केलंत तर नुसता गोंधळ दिसतो. म्हणून विचारलंत, की तो वेग आणायचा कसा?

गेली २६ वर्षं मी नाटकांतली आणि मालिकांतली हत्यारांची दृश्यं बसवतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचं वेगावाचून काही अडलेलं नाही. या क्षणी कोण वरचढ आहे, कोण घाबरलाय, कोणाला काय हवंय, हे तुमच्या प्रेक्षकाला कळत नाहीये. न कळणारी गोष्ट दुप्पट वेगाने केली तर दुप्पट कळेनाशी होते. त्या चित्रपटातलं द्वंद्व मला तरी फार वेगवान वाटत नाही. ते स्वच्छ आहे. प्रत्येक वार कुठून निघाला, कुठे अडला आणि त्यानंतर कोण मागे सरकला, हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाचता येतं.

आधी काही गोष्टी मोकळेपणाने सांगतो. मी खाली जे लिहितोय त्यातलं बरंच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. रंगमंच किती खोल आहे, लेव्हल (म्हणजे रंगमंचावरचे चौथरे) किती उंच आहेत, जमीन लाकडी की फरशी, पहिली रांग किती जवळ, आणि मुख्य म्हणजे ती दोन मुलं एकमेकांवर विश्वास टाकतात का, यातलं काहीच मला माहीत नाही. तुमची गोष्ट कोणत्या काळातली आहे तेही तुम्ही लिहिलेलं नाही. मराठेशाहीतली असेल तर ढाल येईल, आणि ढाल आली की अर्धं काम बदलतं. त्यामुळे आकडे जसेच्या तसे घेऊ नका, त्यामागचं कारण घ्या.

आता त्या चित्रपटाकडे येऊ. त्यातली तलवारबाजी बसवली फ्रेड कॅव्हन्स यांनी. मूळचे बेल्जियमचे, तिथल्या लष्करी पठडीत तयार झालेले तलवारबाज. स्पर्धेतल्या तलवारबाजीत हालचाल जितकी लहान तितकी चांगली, कारण मोठी हालचाल म्हणजे समोरच्याला आगाऊ सूचना. कॅव्हन्स यांचं म्हणणं होतं की पडद्यावर नेमकं उलटं हवं. हालचाल मोठी हवी, पण चुकीची नको. शास्त्र तेच, फक्त भिंगातून पाहिल्यासारखं. आणि दुसरी गोष्ट ते सांगत, की द्वंद्व ही लढाई दिसली पाहिजे, कवायतीचं प्रदर्शन नव्हे. प्रसंगाला गरज असेल तिथे शुद्ध पवित्रा मोडायचा.

तुमच्या मुलांना नेमकी हीच दोन वाक्यं हवी आहेत. नवशिका मुलगा घाबरला की कोपर अंगाशी धरतो आणि फक्त मनगटाने तलवार हलवतो. त्याला वाटतं आपण जोरात लढतोय, आणि खालून दिसते ती नुसती वळवळ. हाताचं काम सुरू झालं की पहिले दहा दिवस मी मुलांकडून एवढंच करून घेतो, की वार खांद्यातून सुरू करायचा, पूर्ण उघडायचा आणि मग सोडायचा.

त्या दोन नटांमधला फरकही बघा. खलनायक गिस्बोर्न झालेला बेसिल रॅथबोन खरोखरच उत्तम तलवारबाज होता. चित्रीकरणाच्या वेळी त्याचं वय ४५. रॉबिन झालेला एरॉल फ्लिन २८ वर्षांचा, अंगाने चपळ, दिसायला देखणा, पण तलवारबाजीत रॅथबोनच्या पासंगालाही न पुरणारा. आणि गोष्टीत जिंकायचं होतं फ्लिनला! हे जमलं, कारण द्वंद्वात दोघांची भाषाच वेगळी ठेवली आहे. रॅथबोनची पाठ ताठ, पावलं मोजकी, चेहऱ्यावर थंड राग. फ्लिन सगळं अंग वापरतो, हसतो, जागा बदलत राहतो. कमी शिकलेल्या नटाला जे येत नाही ते त्याच्याकडून करून घेतलेलंच नाही. जे येतं ते पात्राचा स्वभाव म्हणून वापरलं आहे. तुमच्या दोघांपैकी एकाचे पाय चांगले असतील आणि दुसऱ्याचे हात, तर दोघांना सारखं शिकवत बसू नका. ज्याचे पाय चांगले त्याला पळता, उडी मारता येईल असं पात्र द्या. दुसऱ्याला एका जागी उभं राहून दबाव टाकू द्या.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुम्ही शेवटचं द्वंद्व दहा वेळा पाहिलंत, पण पूर्ण चित्रपट सलग एकदा पाहिलात का? माझा अंदाज आहे, नाही. तो १०२ मिनिटांचा आहे. दोघांनाही शेजारी बसवून पूर्ण बघा, कारण शेवटच्या द्वंद्वाची ताकद त्या द्वंद्वाच्या आधी तयार झालेली आहे.

सुरुवातीला रॉबिन मारलेलं हरीण खांद्यावर टाकून नॉटिंगहॅमच्या किल्ल्यातल्या भर मेजवानीत शिरतो आणि ते राजपुत्र जॉनपुढे टेबलावर आदळतो. राजाच्या जंगलातलं हरीण मारणं हा गुन्हा होता, म्हणजे तो गुन्हा हातात घेऊनच आला आहे. तिथून त्याला एकट्याने लढत बाहेर पडावं लागतं. शेवटचं द्वंद्वही त्याच किल्ल्यात होतं. त्या दगडी भिंती, ते जिने, ते खांब प्रेक्षकाच्या आधीच ओळखीचे झालेले असतात. मधल्या काळात गिस्बोर्नची शेरवुडच्या जंगलात सगळ्यांसमोर फजिती झालेली आहे, रॉबिन फाशीच्या दोरापर्यंत जाऊन आला आहे, आणि त्याची प्रेयसी मॅरियन त्याच किल्ल्यात कैदेत आहे. तलवारी बाहेर निघतात तेव्हा प्रेक्षकाच्या पोटात गोळा आलेलाच असतो. तलवारीला फक्त त्याला धक्का लावायचा असतो.

तुमच्या एकांकिकेत हे कसं करायचं? शेवटी ज्या लेव्हलवर लढाई होणार ती लेव्हल पहिल्या दहा मिनिटांत एकदा वापरा. तिथे कोणीतरी बसू दे, जेवू दे, भांडू दे. द्वंद्वात खांब मध्ये येणार असेल तर आधी एखाद्या पात्राला त्या खांबाला टेकून उभं करा. एवढ्याने फार फरक पडतो.

त्याच चित्रपटातली आणखी दोन झुंजी शेजारी ठेवून पाहा. ओढ्यावर टाकलेल्या ओंडक्यावर रॉबिन आणि लिटल जॉन लांब काठ्यांनी भिडतात. रॉबिन पाण्यात पडतो, हसतो आणि दोघे मित्र होतात. पुढे फ्रायर टक नावाच्या ख्रिस्ती भिक्षूच्या पाठीवर बसून रॉबिन ओढा ओलांडायला निघतो, टक त्याला मध्येच पाण्यात टाकतो, आणि मग तलवारी निघतात. तीही लढाई मैत्रीत संपते. तिसरी गिस्बोर्नबरोबरची, तिचा शेवट मरणातच. तिन्ही ठिकाणी रॉबिन तोच आहे. पण पहिल्या दोन झुंजींत वार अडला की तो खूश होतो, ‘वा, तगडा आहेस’ असं त्याच्या अंगातून दिसतं. शेवटच्या झुंजीत वार अडला की तो फक्त पुढच्या वाराची जागा शोधतो. टकशी आणि गिस्बोर्नशी लढताना हत्यार सारखं असूनही नातं वेगळं, म्हणून लढाई वेगळी. तुमच्या दोन मुलांना विचारा, की तुम्हाला समोरच्याला मारायचंय, हरवायचंय की थांबवायचंय? मी हा प्रश्न पहिल्याच तालमीला विचारतो. बहुतेक वेळा दोघांनाही उत्तर माहीत नसतं. उत्तर ठरेपर्यंत मी हातात तलवार देत नाही.

एक फरक मात्र नीट समजून घ्या. चित्रपटाला संकलक असतो. राल्फ डॉसन यांना या चित्रपटाच्या संकलनासाठी ऑस्कर मिळालं. कॅमेरा कधी दूर जाऊन अख्खा जिना दाखवतो, कधी चेहऱ्याशी येतो. नट थकला की दृश्य तोडता येतं. तुमचा प्रेक्षक एकाच खुर्चीवर, एकाच कोनातून बघत बसलेला आहे. म्हणून चित्रपटातल्या हालचाली उचलून रंगमंचावर ठेवल्या की त्या मेल्यासारख्या दिसतात. रंगमंचावर दोघांनी प्रेक्षकांना समांतर रेघेत कधी लढू नये. तिरक्या रेघेत लढावं, एकाचा चेहरा समोर आणि दुसऱ्याचा थोडा पाठमोरा, आणि दर काही वारांनंतर जागा फिरवावी. भोसकण्याचा वार तर नेहमी प्रेक्षकांपासून लांबच्या बाजूने, म्हणजे मागच्या पडद्याकडून अंगालगत जातो. खालून तो पोटात गेल्यासारखा दिसतो.

दिग्दर्शक मायकेल कर्टिझ यांनी या द्वंद्वात केलेली एक गोष्ट मात्र तुम्हाला थेट घेता येईल. लढता लढता दोघे चौकटीबाहेर जातात आणि काही क्षण आपल्याला फक्त भल्यामोठ्या खांबावर त्यांच्या सावल्या लढताना दिसतात. कर्टिझ मूळचे हंगेरीचे, युरोपातल्या मूकपटांत तयार झालेले, त्यामुळे सावलीची त्यांना मोठी जाण होती. तुमच्याकडे एक दिवा जमिनीलगत आणि एक साधा पांढरा पडदा असेल तर द्वंद्वातली पंधरा सेकंदं सावलीत काढा. सावलीत अंतर दिसत नाही. दोघे चार हात लांब उभे राहून पूर्ण ताकदीने वार करू शकतात आणि खालून ते एकमेकांवर पडताना दिसतात. नवशिक्या मुलांसाठी याहून सुरक्षित जागा नाही. प्रकाशयोजना करणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच तालमीला बोलवा, शेवटच्या दिवशी नको.

आता तुमच्या दोन मिनिटांबद्दल. ती कमी करा. तयार नटांकडूनही मी रंगमंचावर सलग दोन मिनिटं लढाई घेत नाही. तुमच्यासाठी ५० ते ६० सेकंद पुष्कळ झाली. त्यांचे तीन तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यात काहीतरी बदलू दे. पहिल्यात खलनायक भारी, दुसऱ्यात दोघे बरोबरीत, तिसऱ्यात निकाल. दोन तुकड्यांच्या मध्ये श्वास हवा. चित्रपटातही गिस्बोर्न मध्येच विचारतो, काही प्रार्थना येतात का तुला? आणि रॉबिन म्हणतो, तुझ्यासाठी म्हणेन एक. त्या एका देवघेवीत नटांना दम घेता येतो, प्रेक्षकाला मागचं पचवता येतं, आणि दोघांचा स्वभावही पुन्हा एकदा उजेडात येतो. तुमच्या लेखकाला अशी दोन वाक्यं लिहायला सांगा. लांब संवाद नको, धाप लागलेली असताना तो पेलत नाही.

एका तुकड्यात सहा ते आठ वार, त्याहून जास्त नाहीत. वाराच्या जागा पाचच ठेवा: दोन खांदे, दोन मांड्या आणि डोक्याच्या वर. चेहऱ्याकडे एकही वार नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. प्रत्येक वाराचा क्रम असा: आधी नजरानजर, मग वार करणारा हात उघडून दाखवतो, मग अडवणारा आपली तलवार जागेवर नेतो, आणि त्यानंतर वार येतो. म्हणजे बचाव वाराच्या आधी पोहोचलेला असतो. प्रेक्षकाला हे उलटं दिसतं. तुम्ही म्हणालात की चित्रपटात तलवारीवर तलवार मारतात. हो, मारतातच, आणि तसंच मारायचं असतं. ते खोटं वाटतं तेव्हा बहुधा वार उघडताना नटाच्या डोळ्यांत हेतू नसतो. डोळे समोरच्याच्या खांद्यावर आणि तलवार त्याच्या तलवारीवर, हे जमलं की खोटेपणा जातो.

पहिले दोन आठवडे फक्त पाय. मी कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळात वाढलो. तिथे वस्ताद हत्याराच्या आधी पवित्रा पक्का करून घेत. फरी-गदक्यावर (लहान ढाल आणि सरावाची काठी) हात बसल्याशिवाय खऱ्या तलवारीला हात लागत नसे. तेच शहाणपण इथे लागू आहे. तिसऱ्या आठवड्यापासून लाकडी काठीने, पाण्यात चालल्यासारखं संथ. पाचव्या आठवड्यात प्रयोगातली बिनधारेची तलवार, पण वेग तोच. सहाव्यात वेग थोडा वाढवा. पूर्ण वेगाच्या तीन-चतुर्थांशावर थांबा आणि प्रयोगही त्याच वेगाने करा. प्रयोगाच्या दिवशी अंगात जे भरतं त्याने उरलेला वेग आपोआप येतो. तालमीतच पूर्ण वेग गाठलात तर प्रयोगात तो हाताबाहेर जाईल.

तलवारींचं बोलायलाच हवं. ड्रेपरीवाल्याकडे भाड्याने मिळणारी पत्र्याची तलवार कमरेला लावून मिरवायला ठीक आहे. तिने लढू नका. अ‍ॅल्युमिनियमची हलकी पडते, पण आपटून आपटून तिच्या कडेला खाचा पडतात आणि त्या कातड्यावर करवतीसारख्या चालतात. ती वापरणार असाल तर रोज तालमीनंतर कानस आणि पॉलिश पेपर घेऊन बसा. परवडत असेल तर धार नसलेली, टोक गोल केलेली स्टीलची घ्या. मूठ रोज हलवून पाहा. माझ्या सुरुवातीच्या काळात एका प्रयोगात भाड्याच्या तलवारीचं पातं मुठीतून निसटलं आणि पहिल्या रांगेपुढच्या मोकळ्या जागेत जाऊन पडलं. तिथे रोज एक लहान मुलगी येऊन बसायची, त्या दिवशी ती आली नव्हती. मूठ तपासायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं. तेव्हापासून पडदा उघडण्याआधी अर्धा तास दोघांनी पूर्ण द्वंद्व एकदा संथ गतीने करायचं आणि तलवारी मी स्वतः तपासायच्या, हा नियम मी एकदाही मोडलेला नाही. तुमच्यातल्या एकाला हे काम नेमून द्या. तो नट नसावा.

आणखी एक इशारा. या चित्रपटाबद्दल वाचलंत तर तुम्हाला कळेल की हॉवर्ड हिल नावाचा धनुर्धर अंगात लाकडाचं आणि पोलादाचं कवच घातलेल्या स्टंटमनवर खरे बाण सोडायचा आणि बाण झेलणाऱ्याला दर बाणाला १५० डॉलर मिळत. ते वाचून कोणाच्या डोक्यात काही आलं तर तिथेच थांबवा. हिल हा त्याच्या काळातल्या थोर धनुर्धरांपैकी एक होता. आज कोणताही जबाबदार माणूस ते करणार नाही आणि करूही देणार नाही.

संगीताबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंत. या चित्रपटाचं संगीत एरिक वोल्फगांग कोर्नगोल्ड यांचं. ते व्हिएन्नाचे ज्यू संगीतकार. १९३८ च्या सुरुवातीला ते या कामासाठी अमेरिकेत आले, चित्रपट पाहिला आणि इतकी मारामारी असलेलं काम आपलं नव्हे म्हणून आधी नकारही दिला. त्याच सुमाराला ऑस्ट्रियावर नाझींचं सावट आलं आणि त्यांनी काम स्वीकारलं. मार्चमध्ये देश गिळला गेला आणि परतीची वाट बंद झाली. त्या संगीताला ऑस्कर मिळालं, आणि रॉबिन हूडने माझा जीव वाचवला असं ते पुढे म्हणत. ही हकीकत माहीत झाल्यापासून मला ते संगीत वेगळं ऐकू येतं. त्यातला उत्साह पोकळ नाही. तुमच्यासाठी त्यातलं घेण्यासारखं हे, की ते संगीत तलवारीच्या तालावर आदळआपट करत नाही, ते पात्रांच्या मनासोबत चालतं. चित्रपटात खणखणाट आणि संगीत नंतर तोलता येतं, तुम्हाला ते जागेवरच तोलावं लागेल. स्पीकरवर ढोल-ताशे लावलेत तर तलवारीचा आवाज मरतो, आणि मुलांना एकमेकांचा श्वास ऐकू येत नाही, जो त्यांचा खरा इशारा असतो. मी असतो तर पहिला तुकडा पूर्ण शांततेत ठेवला असता आणि संगीत दुसऱ्या तुकड्याच्या मध्यावर हळूच आणलं असतं.

१२व्या शतकात असं लढत होते का, या तुमच्या मित्राच्या शंकेला उत्तर: नाही. चित्रपट ११९१ साली सुरू होतो, आणि त्यातली वार-प्रतिवारांची शैली कित्येक शतकांनंतरची आहे. पण ती शैली त्या चित्रपटाच्या जगाशी इमान राखते. तुमची गोष्ट मराठेशाहीतली असेल तर मात्र पाश्चात्त्य पद्धतीचं पुढे झेपावून भोसकणं घेऊ नका, ते आपल्या प्रेक्षकाच्या डोळ्याला लगेच खुपतं. वक्र पात्याची तलवार ओढून छाटते. तिथे वार गोलाकार येतो, ढाल पुढे असते आणि पाय सतत फिरते असतात. जवळपास मर्दानी खेळ शिकवणारी तालीम असेल तर दोन्ही मुलांना महिनाभर तिथे पाठवा, माझ्या या सगळ्या लिहिण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

राहिलं मरण. गिस्बोर्न वार लागल्यावर उंचावरून खाली कोसळतो. तुम्ही लेव्हलवरून पडायचा विचार करत असाल तर तो सोडा. प्रशिक्षण नसलेल्या मुलाला मी दोन फुटांवरूनही पाडत नाही. त्याऐवजी असं करा. वार लागल्यावर त्याला लगेच पडू देऊ नका. दोघांनाही तीन श्वास तसंच उभं राहू दे, एकमेकांच्या डोळ्यांत बघत. मग मरणाऱ्याच्या हातातून तलवार सुटू दे. ती पडताना होणारा आवाज लाकडी रंगमंचावर फार मोठा असतो. त्यानंतर त्याने आधी गुडघ्यावर यावं, मग मांडीवर, मग कुशीवर, आणि तोपर्यंत जिंकणाऱ्याने जागचं हलायचं नाही. रंगमंचाची मापं आणि गोष्टीचा काळ कळवलात तर तिन्ही तुकड्यांचे वार एकेक करून लिहून देतो.